भाषणानंतरचा चहा

नातवंडांनो, न्हाणीघरात मशरूम कसे, असं तुम्ही काल फोनवर विचारलंत, म्हणून लिहिते आहे.

गोंदियात एका बाईंनी स्वतः हॉल भाड्याने घेऊन मशरूमवर भाषण ठेवलं होतं. प्रवेश फुकट. मी पोचले तेव्हा त्या मागच्या रिकाम्या खुर्च्या उचलून भिंतीशी रचत होत्या, हॉल भरलेला दिसावा म्हणून. टेबलावर तणस, म्हणजे भाताचा पेंढा, आणि मशरूमचं बियाणं भरलेल्या पिशव्या होत्या, शेजारी चहाचा झाकलेला थर्मास.

"चहा आधी का नाही देत?" मी विचारलं.

"आजी, आधी देला तं लोक पिऊन घरी जातेत. मंग पिशव्या कोन घेईल? हॉलचं भाडं का माहेरून आणू?"

भाषण सुरेख झालं. पण पिशवीला पाणी किती द्यायचं, असं मी विचारताच त्या हसल्या. "पिशवी घेईल त्याले सांगीन."

शिकवणं वेगळं, विकणं वेगळं, असं मी जन्मभर मानत आले. मला रागच आला. मग चहा आला. कोणी कप खाली ठेवला की बाईंची नजर आधी पिशव्यांकडे जायची, मग दाराकडे. ती नजर पाहून मी एक पिशवी घेतली. मी तिथे श्रोता होते की गिऱ्हाईक, हे मला अजून उमगलेलं नाही.

पिशवी न्हाणीघरात टांगलेली आहे आणि तिला अजून मशरूम येतात.