खालचा चेंडू

आमची आत्या टेबल टेनिस शिकवते आणि गेलेला पॉइंट कधीच कबूल करत नाही. चेंडू कडेला लागला की नाही, एवढ्यावरून तिने माझ्या बाबांशी, म्हणजे सख्ख्या भावाशी, आठवडाभर अबोला धरलाय. माझ्याशी तर रोजच भांडते. क्लबातली मुलं पाठीमागे तिला 'तोफ' म्हणतात. तिला ते माहीत आहे आणि मनापासून आवडतं.

तर या तोफेला जाळीपलीकडून खाली घसरत येणारे चेंडू दिसेनासे झाले. आधी म्हणाली, दिवे मंद आहेत. मग म्हणाली, मुलं लबाडी करतात. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत दाब वाढून मेंदूपर्यंत दृष्टी नेणारी नस हळूहळू मरत होती. त्यांनी फोटो दाखवला. नसेच्या तोंडाशी एक गोल आणि त्याच्या मधोमध हा मोठा खळगा! औषधाच्या थेंबांनी दाब उतरेना, तेव्हा ऑपरेशन ठरलं.

"टेबलापाशी उभी राहू शकेन ना?" आत्याने तेवढंच विचारलं.

"नसेचं नुकसान इथेच थांबलं, तर राहाल."

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं पार पडली, दाब झपकन उतरला. काही महिन्यांनी नवे फोटो काढले आणि मी खुर्चीतून उठलेच. खळगा लहान झाला होता! जुना फोटो शेजारी ठेवला तर माझ्यासारख्या अडाण्यालाही कळत होतं. आत्याने आनंदाने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मला खोकला आला.

"बघ, भरला की नाही खड्डा? आता खालचंही दिसणार!"

"जरा थांबा," डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या. "दाबामुळे आत गेलेला भाग वर आलाय, म्हणून खळगा लहान दिसतोय. छानच आहे हे. पण मेलेले तंतू परत येत नाहीत. नुकसान थांबलं की नाही, ते ठिपक्यांच्या तपासणीतच कळेल."

ही तपासणी म्हणजे एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं, नजर मधोमध ठेवायची आणि कुठे प्रकाशाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. आत्या सरसावून बसली. टक, टक, टक! मला वाटलं, काय दिसतंय हिला! पण डॉक्टरीणबाईंनी यंत्र थांबवलं.

"ऑपरेशनआधीही तुम्ही हेच केलंत, तेव्हा तपासणी पुन्हा घ्यावी लागली. ठिपका नसतानाही बटण दाबताय."

"चेंडू कधी येणार याचा अंदाज असतो मला," आत्या गुरगुरली.

"इथे जिंकलात, तर नस मरतेय की वाचलीय हे मला कळणारच नाही."

आत्या पुन्हा वाडग्यात तोंड घालून बसली. या वेळी टक झालं की मध्येच लांबलचक शांतता. तिचा अंगठा बटणावर नुसता टेकलेला होता, दाबत नव्हता.

निकालाचा कागद आला. खालच्या बाजूला, न दिसणाऱ्या भागाचा काळा डाग तिथेच होता, पुसला गेला नव्हता. पण ऑपरेशनआधी होता तेवढाच! तसूभरही वाढला नव्हता. मी तिथेच आत्याला मिठी मारली. तिचे डोळे भरून आले आणि "डोळ्यांना धक्का लागेल, गाढवे," म्हणून माझ्यावरच ओरडली.

तिला खेळायची परवानगी मिळाली त्या संध्याकाळी आम्ही दोघी टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो. मुलं भोवती गोळा झाली. "खाली टाक," आत्या म्हणाली. मी जाळीला चिकटून टाकला. तिची बॅट हललीच नाही. चेंडू तिच्या पायाशी टपटपत गेला. आता भांडण होणार म्हणून मी दोन्ही हात कमरेवर ठेवून तयार झाले.

"नाही दिसला," आत्या सगळ्यांदेखत म्हणाली. "पॉइंट तुझा."

कुणीही हसलं नाही. ती एक पाऊल मागे सरकली, खालचा चेंडू नजरेत यावा म्हणून हनुवटी छातीकडे नेली आणि टेबलावर बॅट आपटली.

"बघतेस काय? तसाच टाक पुन्हा!"

मी टाकला. तो परत आला तो माझ्या कानाजवळून सुसाट, आणि मुलांनी क्लब डोक्यावर घेतला.