परत सांगावं

समितीच्या दालनात लघुलेखिकेला एकच वाक्य बोलायची मुभा असते: "ऐकू आलं नाही, परत सांगावं." बाकी वेळ तिने तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं आणि कानावर पडेल ते कागदावर उतरवायचं. टेपबाईंनी उभ्या नोकरीत हे वाक्य एकदाही वापरलं नव्हतं आणि त्याचा त्यांना भलता तोरा होता. खोकत बोलणारे, पेन चावत बोलणारे, एकमेकांच्या अंगावर ओरडणारे, सगळे त्यांच्या पेन्सिलीखाली सापडले होते. म्हणून तर सचिवालयात लोक त्यांचं खरं नाव विसरले आणि टेपबाई म्हणू लागले. बंद दाराआडच्या बैठकांना तर त्यांच्यावाचून चालायचंच नाही, कारण तिथे ध्वनिमुद्रणाला बंदी होती. ऐकलेलं बाहेर कुठे बोलणार नाही अशी शपथ त्यांनी घेतली होती, आणि नवऱ्यालासुद्धा कधी ताकास तूर लागू दिली नव्हती.

त्या दिवशी दाराआड विषय होता दूरच्या पठारावरच्या चाचणी क्षेत्राचा. लष्कर तिथे नवी अस्त्रं उडवून बघतं. खर्च किती, कशासाठी, आजूबाजूच्या वस्त्यांचं काय, असं संसदेच्या समितीने विचारायचं आणि क्षेत्राच्या प्रमुखांनी उत्तरं द्यायची. प्रमुख छातीवर पट्ट्या मिरवणारे, बोलायला गोड. सदस्यांनी इंधनाच्या खर्चावरून त्यांना चांगलंच धारेवर धरलं. मग जेवायची वेळ झाली, खुर्च्या करकरू लागल्या, आणि त्या गडबडीत प्रमुख समोरचा कागद तोंडाशी धरून एक वाक्य पुटपुटले. मागच्या चाचणीनंतर तीन नंबरच्या निरीक्षण चौकीच्या छताला तडा गेला आहे, दुरुस्ती हंगाम संपल्यावर होईल, कर्मचारी तूर्त तिथेच बसतील. अध्यक्ष म्हणाले, "ठीक, ठीक," आणि उठले.

टेपबाईंची पेन्सिल चुकली नाही. तीन नंबरच्या चौकीत त्यांचा मुलगा बसत होता.

हे त्यांना कळायलाही नको होतं खरं तर. चाचणीच्या वेळी यंत्रांवरचे आकडे बघायची त्याची नोकरी. कुठे बसतो ते घरी सांगायचं नाही असा त्यालाही हुकूम होता. पण मागच्या सुट्टीत जेवताना तो बोलून गेला होता, "आमच्या तीन नंबरात ताट वाढून घेतलं की छतातून वरून वाळू पडते, आई. मीठ वेगळं लागतच नाही." तेव्हा तिघंही खो खो हसले होते.

घरी त्यांना बसवेना आणि उभंही राहवेना. भांडी घासून झाली की परत घासायच्या. टेबलाशी बसल्या की बोटं आपोआप लाकडावर टकटक करायची. नवरा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला. त्या आवाजाने तो उठून स्वयंपाकघरात जायचा, नळ पिळून बघायचा आणि परत यायचा.

"गळत तर नाहीये," तो म्हणायचा. "तू ठीक आहेस ना?"

"मला काय धाड भरलीये?"

"चिडतेस कशाला? विचारलं फक्त."

त्यांना त्याच्या गळ्यात पडून सगळं सांगावंसं वाटत होतं. ते जमत नव्हतं म्हणून त्या त्याच्यावर डाफरत होत्या, आणि डाफरल्याचं वाईट वाटून आणखी डाफरत होत्या. बिचाऱ्याने शेवटी नळाची चकती बदलून टाकली.

मुलाचा फोन आला, पण त्या फोनवर तिसरेच कान असतात हे दोघांना ठाऊक होतं.

"आई, पुढच्या आठवड्यात मोठं काम आहे. फोन लागला नाही तर घाबरू नकोस."

"सुट्टी टाक ना रे. मला बरं वाटत नाहीये."

"काय होतंय?"

काय होतंय ते त्यांना सांगता येईना. "काही नाही, गुडघे," त्या म्हणाल्या. गुडघ्यांसाठी कोण सुट्टी देतं? तो हसला, तेल लाव म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

एक आशा होती. ते वाक्य प्रतिवृत्तात, म्हणजे बैठकीच्या लेखी नोंदीत आलं होतं, आणि तिची लाखबंद प्रत वाचून परत करायला सदस्यांच्या घरी पोचली होती. कोणी ना कोणी वाचेल. पण पुढच्या बैठकीच्या सकाळी शिपायाने परत आलेले लिफाफे कपाटात रचले, तेव्हा टेपबाईंनी पाहिलं, एकाचीही लाख फुटली नव्हती. इतकी वर्षं जीव ओतून लिहिलं ते कोणी वाचतच नव्हतं. त्यांना रडू आलं नाही, संताप आला.

मोठी चाचणी तीन दिवसांवर होती. बैठकीत प्रमुखांनी तयारीचं निवेदन वाचायला घेतलं. वारा, वस्त्या, रस्ते बंद करणं, सगळं खणखणीत आवाजात. चौकी आली तसा आवाज उतरला. "तीन नंबरबाबत मागे निवेदन केल्याप्रमाणे स्थिती कायम," असं घाईने म्हणून त्यांनी पान उलटलं.

"ऐकू आलं नाही, परत सांगावं."

दालनात सगळे इकडेतिकडे बघू लागले. कोण बोललं तेच कोणाला कळेना. भिंतीवरचं घड्याळ बोललं असतं तरी इतकं नवल वाटलं नसतं. प्रमुख हसले आणि तेच वाक्य जरा मोठ्याने म्हणाले.

"ऐकू आलं नाही. मागे काय निवेदन केलं होतं, तेही परत सांगावं." हे दुसरं वाक्य त्यांच्या अधिकारात बसत नव्हतं.

प्रमुखांच्या कपाळावर आठी पडली. "छताला तडा. दुरुस्ती नंतर. कर्मचारी तिथेच."

"ऐकू आलं नाही."

या वेळी प्रमुख जवळजवळ ओरडलेच. "तीन नंबरच्या छताला तडा आहे आणि माणसं तूर्त त्याच छताखाली बसतील!"

ओरडून सांगितलं की वाक्याचं सोंग टिकत नाही. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या सदस्यबाई नेहमी चष्मा पुसत बसायच्या. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला. "फुटक्या छताखाली माणसं? किती माणसं?"

"तांत्रिकदृष्ट्या पाहता..."

"तुम्ही बसाल का तिथे?" अध्यक्षांनी विचारलं.

प्रमुख कागद चाळू लागले. टेपबाईंनी कंसात लिहिलं, उत्तर नाही. मग अध्यक्षांनी सांगितलं की चौकी रिकामी केल्याचा निरोप समितीला मिळाल्याशिवाय चाचणी होणार नाही. तेही त्यांनी लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

बैठक संपताच समितीच्या सचिवांनी त्यांना बोलावून घेतलं. "तीनदा, बाई? तुम्ही?"

"वय झालं, साहेब."

"उद्याच कान तपासून घ्या. कान ठणठणीत निघाले, तर समितीचं काम मुद्दाम अडवलंत असं मला वर कळवावं लागेल." मग ते फायलीत डोकं घालून अगदी हळू म्हणाले, "चहा घेणार?"

घशाला कोरड पडलेली, होकार ओठांवर आला होता. टेपबाई समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. सचिवांनी निरखून पाहिलं आणि जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आवाज येऊ लागले. बारीक, मग त्याहून बारीक, आणि टेपबाईंना प्रत्येक आवाज स्वच्छ ऐकू येत होता. ज्या कानांवर उभा जन्म मिरवलं, त्यांनाच आज खोटं पाडायचं होतं. अंगठा शिवशिवत होता. त्यांनी दुसऱ्या हाताने तो धरून ठेवला आणि ठणाणा आवाज झाले तेवढ्यांनाच बटण दाबलं.

"दोन्ही कान बरेच गेलेत हो," डॉक्टरीणबाई हळहळल्या. "कसं काम करत होतात?"

टेपबाईंना दालनातून काढून खालच्या मजल्यावर जुनी प्रतिवृत्तं बांधायला बसवलं. तिथे दिवसभर कोणी बोलत नाही. चाचणीचा दिवस आला आणि गेला. दोन दिवस फोन नाही. टेपबाईंची बोटं टेबलावर टकटकत राहिली आणि नवरा आता नळ बघायला उठला नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. त्यांनी झडप घातली.

"आई, झालं काम. ऐन वेळी आम्हाला उठवून तंबूत नेलं, उन्हाने सगळे करपलो." तो थांबला. पुढचं शब्द तोलून बोलला. "मी बसायचो ना, ती जागा आता राहिली नाही. पूर्ण खाली आली. माणूस कोणी नव्हतं. एवढंच सांगतो."

टेपबाईंनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"ऐकू आलं नाही रे," त्या म्हणाल्या. "परत सांग."

नवऱ्याने कळवळून त्यांच्या हातातला फोन आपल्याकडे वळवला. "अरे, मोठ्याने बोल! आईचे कान गेलेत."

आणि मुलगा पठारावरून ओरडून सांगू लागला की कोणी नव्हतं, आई, आत कोणीच नव्हतं. टेपबाईंनी त्याला ते आणखी एकदा सांगायला लावलं.