रविवारी न मारलेली खाच

ओडवार कॉफी बशीत ओतून प्यायचा. कोणाच्याही घरात शिरला की आधी जमिनीकडे बघायचा, मग माणसांकडे. पावावरची तपकिरी चीजची चकती काठाबाहेर आली तर तेवढाच तुकडा कापून आधी खायचा. बायकोला दोनदा हाक मारायचा; पहिली हळू, दुसरी त्याहून हळू. लाकडं फोडायची तर शेजारचे लोक कामाला गेलेले असताना.

वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या टिरिलला हे सगळं दोन वर्षांत पाठ झालं होतं. ती गावच्या वाचनालयात काम करायची. ओडवार तिला पुस्तकवाली म्हणायचा.

ओडवारने चाळीस वर्षं काँक्रीटच्या जमिनी घातल्या. मासळीची गोदामं, शाळा, बोटीच्या धक्क्यावरची शेड. फ्योर्डच्या, डोंगरांत शिरलेल्या त्या समुद्राच्या, या काठावर त्याने घातलेल्या जमिनीला तडा गेला असं कोणी ऐकलं नव्हतं. मग त्याची बायको ओस्लाऊग विसरायला लागली. आधी नावं, मग दिवस. चाकांचा वॉकर घेऊन चालायची, तो दर उंबऱ्याला अडायचा. झोपायची खोली या टोकाला, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर त्या टोकाला, मध्ये तीन उंबरे. ओडवारने ठरवलं, लाकडी जमीन उखडायची आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकसंध काँक्रीट घालायचं.

मे महिन्यातल्या एका शनिवारी शेजारी मदतीला आले. इथे अशा कामाला मजुरी नसते, वाफल्स असतात. दुपारपर्यंत जमीन भरून झाली. ओडवार गुडघ्यांवर बसून थापी फिरवत मागे मागे सरकत होता.

"पुस्तकवाली, इकडे बघ. हे आता वाळताना आकसणार."

"म्हणजे फुटणार?"

"नुसतं आकसून कोण फुटतं? मोकळं सोडलं तर बिचारं गपचूप लहान होईल. पण त्याला सोडतंय कोण! खालून जमीन धरते, आणि हे धुराडं तर मध्येच कोपर काढून बसलंय. आकसायचं आहे आणि कोणी सोडत नाही, मग ते फाटतं."

"मग करायचं काय?"

"आपणच जागा दाखवायची. फाटायचं तर इथे फाट, म्हणायचं. उद्या सकाळी धुराड्याच्या कोपऱ्यापासून कटरने एक सरळ खाच मारायची. तडा खाचेच्या तळाशी जातो. वरून जमिनीच्याच रंगाचा रबरासारखा मसाला भरला की कोणाच्या बापाला दिसत नाही."

"आणि उद्या नाही मारली तर?"

"तर ते स्वतःच्या मनाने जागा शोधेल." तो हसला. "आणि त्याला सरळ रेषा काढता येत नाही."

रविवारी सकाळी त्याने कटर आणला, पाण्याची नळी जोडली आणि खिडकीपाशी थांबला. शेजारच्या स्वेर्रेच्या अंगणात झेंडा चढला होता. पांढऱ्या चादरींची टेबलं मांडली होती. त्याच्या धाकट्या मुलीचं त्या दिवशी चर्चमध्ये कन्फर्मेशन, मोठं झाल्याचा धार्मिक विधी, होता. पाहुणे आदल्या दिवसापासून आले होते. दोन घरांत दहा पावलांचं अंतर, आणि कटर कानठळ्या बसवणारा. रविवारी इथे कोणी गवत कापायचं यंत्रसुद्धा लावत नाही.

"विचारून तर बघ," टिरिल म्हणाली. "अर्ध्या तासाचं तर काम."

"स्वेर्रे हो म्हणेल."

"मग झालं की!"

"म्हणून तर विचारायचं नाही. पोरीचा दिवस आहे." त्याने नळी काढली, नीट गुंडाळली. ओलं गोणपाट पुन्हा जमिनीवर पसरलं. दुपारी तो इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी केक खायला गेला.

सोमवारी पहाटे त्याने गोणपाट उचललं. धुराड्याच्या कोपऱ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत केसाएवढी रेघ गेली होती. वाकडी. टिरिल जिन्यावर उभी होती. तो बोटाने रेघेवरून शेवटपर्यंत गेला, जणू कोणाचं हस्ताक्षर ओळखून बघतोय.

जून-जुलैत रेघ रुंदावली, आणि काळी दिसायला लागली. तेव्हा ओस्लाऊग तिच्यापाशी थांबायला लागली. वॉकर घेऊन यायची, खाली बघायची आणि मागे सरकायची.

"अगं, चल ना. सपाट आहे."

"खोल आहे," ती म्हणायची.

"मी उभा आहे बघ त्यावर."

"तू पडशील, ओडवार. इकडे ये."

त्याने गालिचा टाकला. ती गालिच्याच्या काठाशी थांबली. करडी पट्टी चिकटवली. ती तिने खाली वाकून शांतपणे सोलून काढली. ओडवारने हात धरला की ती ओरडायची. एक्कावन्न वर्षं दोघं सकाळी स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसून खात आले होते. आता तो तिचं ताट रेघेपलीकडे नेऊन द्यायचा आणि आपली खुर्ची तिच्या खुर्चीला लावायचा. न्हाणीघराचं काय करतात, ते ओडवारने टिरिलला कधी सांगितलं नाही. टिरिल धुणं वाळत घालायची, तेवढ्यावरून तिला कळत होतं.

सप्टेंबरात त्याने घाईने भेग भरली. तीन आठवड्यांत तिच्या बाजूलाच दुसरी उघडली.

"अजून आकसतंय," तो म्हणाला. "मला माहीत होतं. तरी भरली."

स्वेर्रे बघायला आला. टोपी हातात फिरवत भेगेपाशी उभा राहिला. "टिरिल म्हणाली, त्या रविवारी कटर लावायचा होतास? सांगायचंस, माणसा. आम्ही एकपर्यंत चर्चमध्येच होतो. घरात चिटपाखरू नव्हतं. पाहुणेसुद्धा तिकडेच."

"हो का?" ओडवार म्हणाला. "बस. कॉफी घे."

हिवाळ्यात नगरपालिकेची नर्स आली. ओस्लाऊगला स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जाता येत असेल तर घरी राहू दे. नसेल तर ईस्टरनंतर वृद्धाश्रमात खोली मिळेल, असं तिने सांगितलं. ती चांगली बाई होती. सांगताना तिने ओडवारच्या हातावर हात ठेवला होता.

त्याने भेगेवर आडवे प्लास्टरचे तीन ठिपके लावले आणि पेन्सिलीने तारखा लिहिल्या. भेग हलली तर ठिपका चिरणार. नोव्हेंबरचे चिरले. जानेवारीचे चिरले. फेब्रुवारीच्या अठरा तारखेचे तिन्ही मार्चअखेरीस शाबूत होते. ओडवार दर सकाळी भिंग घेऊन त्यांच्यावर वाकायचा. ओस्लाऊग पलीकडून विचारायची, "कोण पडलंय तिथे?"

"कोणी नाही गं. कोणीच पडलेलं नाही."

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी त्याने सांगितलं, "थांबली." टिरिलला वाटलं तो हसेल. त्याने फक्त बाह्या वर केल्या.

आता प्रश्न रंगाचा होता. मसाला गडद झाला तर ती पुन्हा रेघच. त्याने फळीवर करड्या रंगाचे नऊ नमुने थापले आणि वाळू दिले. त्यातला एक निवडून मंगळवारी जेवणाच्या टेबलाखाली, जिथे कोणी बघत नाही तिथे, दोन हात भेग भरली. बुधवारी वाळल्यावर टिरिलला बोलावलं.

"शोध बघू."

तिने गुडघ्यांवर बसून शोधली. सापडली नाही. हात फिरवला, तरी सापडली नाही.

"पुस्तकवालीला सापडत नाही, मग माझ्या म्हातारीला काय सापडणार," तो म्हणाला. "उद्या चालायची वाट भरतो. शुक्रवारी सकाळी खिडकीशी तिघांची न्याहारी."

गुरुवारी सकाळी तो मसाला कालवायला मागच्या शेडमध्ये गेला. अर्ध्या तासाने टिरिल बोलवायला गेली. तो बादलीशेजारी कुशीवर पडला होता, श्वास थांबलेला. बादलीत पाणी होतं, मसाल्याच्या आणि रंगांच्या पुड्या अजून फोडल्या नव्हत्या.

ओस्लाऊगला ईस्टरनंतर वृद्धाश्रमात नेलं. स्वेर्रे आणि त्याच्या मुलीने तिची खुर्ची उचलून रेघेवरून पलीकडे नेली. तिने डोळे घट्ट मिटले होते.

नंतर टिरिल फळी घेऊन स्वयंपाकघरात बसली. नऊ करडे नमुने. तिने एकेक जमिनीला लावून पाहिला. तिला नऊही सारखेच दिसत होते. त्याने कोणता निवडला, त्यात कोणता रंग किती घातला, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. टेबलाखाली दोन हात जमीन अखंड होती. तिथून धुराड्याच्या कोपऱ्यापर्यंत, चालायच्या वाटेवर, भेग तशीच उघडी होती.