ताप लपवायची गोळी

यंदा भिवंडीतल्या एका सभागृहात डायलिसिसच्या पेशंटांना जमवून एका साहेबांनी पडद्यावर तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र दाखवलं. कातडीखाली बसवायचं, जंतू रक्तात पसरायच्या आधीच ते खबर देणार. अजून प्रयोगातच आहे, म्हणाले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मोर्चाची पत्रकं वाटत फिरणारीला अशा गोष्टी आवडतात.

शेजारी माझी आत्या होती. कामतघरच्या पॉवरलूमवर तिची हयात गेली, किडन्या गेल्या तशी घरी बसली. छातीत डायलिसिसची नळी, वर पट्टी, पट्टीवर पदर. तिनं हात वर केला.

"साहेब, खबर देनार ती कोनाला? मला का सेंटरला?"

"दोघांनाही, मावशी."

"मग नको. चुगलखोर हाय त्यो."

पेशंट खो खो हसले. साहेब गोंधळले. त्यांना आमच्या रिक्षातली गोळी कुठं माहीत?

आमच्या सेंटरवर दारातच ताप बघतात. ताप निघाला की "आधी डॉक्टरची चिठ्ठी आणा", आणि खुर्ची पुढच्याला. डायलिसिसची पाळी चुकली की अंगात पाणी साठतं, आडवं झालं की जीव गुदमरतो. म्हणून माणसं वाटेतच तापाची गोळी गिळतात. बडीशेपेसारखी एकमेकांना देतात. दारात अंग गार, आत नळीत जंतू. आणि सभेतल्या भाषणात ऐकायचं काय, तर ताप आला तरी पेशंट उशिरा येतात! उशिरा? दर पाळीला तुमच्याच दारात उभे असतात ते. खोटं बोलायला तुम्हीच शिकवलंत त्यांना.

सभेनंतर थोड्याच दिवसांत नारपोलीला ट्रकांच्या मागं आमची रिक्षा अडकली. आत्याचे दात वाजत होते. तिनं गोळीसाठी कमरेची पिशवी सोडली. मी हात धरला.

"सोड गं. आत न्हाय घेनार ती सिस्टर मला."

"तुझ्या शेजारच्या खुर्चीवरचे काका असाच ताप लपवून गेले ना?"

"गेले. पन पाळी न्हाय चुकवली कदी."

तशातही हसली. गोळी मात्र तिनं घेतली नाही.

दारात ताप निघालाच. सिस्टर म्हणाली, "चिठ्ठी आणा." मी आत घुसून आत्याच्या रिकाम्या खुर्चीला धरून उभी राहिले.

"डॉक्टरांना फोन लावा. रक्त तपासायला घ्या आणि इथंच लावा हिला. ताप आला म्हणून डायलिसिस लागत नाही का माणसाला?"

"मॅडम, हा मोर्चा नाही."

"नाहीच. मोर्चात माणसं स्वतःच्या पायावर उभी असतात."

मागून आवाज आला, "दीदी, साँस मेरी भी फूल रही है." पुढच्या नंबरचा माणूस, सुजलेल्या पायांत चप्पल मावत नव्हती. एका खुर्चीपायी दोन आजारी माणसं एकमेकांवर सोडायची, ही कसली व्यवस्था?

आत्यानं दाराजवळच्या बाकावर जागा केली. "बस भाऊ. तिच्याकडं नको बघू, ती बोलतच ऱ्हाते." मग सिस्टरला म्हणाली, "आमी दोघं हितंच बसतो. कोन आधी मरतो ते बघून खुर्ची द्या."

सिस्टरनं फोन उचलला. डॉक्टर आले, आत्याचं रक्त घेतलं, आणि कोपऱ्यातला पडदा सरकवायला सांगितला. पडद्यामागं मशीन होतं. चालू, पुसलेलं, रिकामं.

"हे कुणासाठी ठेवलं होतं?" मी विचारलं.

सिस्टर कपाटातून चादरी काढू लागली. खुर्चीवर त्या भावाला बसवलं. आत्याला मशीनवर घेतलं, तेव्हा ती दोन चादरींखाली कापत होती.