मेलिसचं पोकळ वाजणारं काळीज

निम्मी वाट सरली होती. ओहोटीचं पाणी पार लांब गेलं होतं. बांधावरून चालता चालता मेलिस थांबली आणि मनगटावर दोन बोटं टेकवून तिने मान तिरकी केली.

"काळीज धावतंय का गं?" ओडीलने विचारलं.

"कुठलं धावतंय! पाहुण्यांसमोर बसवलेल्या पोरासारखं शहाणं झालंय."

ओडील तिची नणंद. भाऊ गेल्यावरही भावजयीशी तिचं येणं-जाणं सुटलं नव्हतं. फ्रान्समधल्या आर्काशोंच्या खाडीकाठी मेलिसने चाळीस वर्षं शिंपल्यांतली कालवं निवडली. दोन कालवं एकमेकांवर आपटायची आणि ऐकायचं. जिवंत असलेलं टणक वाजतं, मेलेलं पोकळ. नाताळच्या टोपल्यांत तिच्या हातून मेलेलं कालव कधी गेलं नाही. डॉक्टरांच्या महिनाभर आधी तिनेच सांगितलं होतं, "माझं काळीज पोकळ वाजतंय."

मग गेल्या थंडीत बेकरीत पाव मागताना तिची वाचाच गेली. अर्ध्या तासाने परत आली, पण धास्ती मनात घर करून बसली. काळीज नुसतं थरथरतं, तेव्हा आत रक्ताची गाठ धरते आणि ती मेंदूत जाऊन अडकते, असं डॉक्टर म्हणाले.

बोर्डोच्या इस्पितळात त्यावर नवा इलाज निघाला होता. जांघेच्या शिरेतून बारीक तार काळजापर्यंत न्यायची, अवेळी ठोके कुठून सुटतात ती जागा शोधायची आणि तेवढीच जाळायची. पण टेबलावर असतानाच काळीज उधळल्याशिवाय ती जागा सापडत नाही. मार्चमध्ये मेलिस पाच तास टेबलावर पडून होती. डॉक्टरांनी औषधं देऊन काळजाला डिवचून पाहिलं, पण ते जागचं हललं नाही. जाळणार तरी काय? घरी पाठवलं. आता मंगळवारी दुसरी खेप होती. काळीज उधळावं म्हणून ठोके आवरणाऱ्या गोळ्या पाच दिवसांपासून बंद होत्या.

"याही वेळी गप्प बसलं तर?" ओडीलने भीत भीत विचारलं.

"तर पुन्हा कधीतरी वाचा जाईल आणि परत येणार नाही. तुझ्या कानांना तेवढाच आराम."

ओडीलला हसू आलं नाही. चार पावलं चालून ती म्हणाली, "मार्चमध्ये तू आत होतीस ना, मी इस्पितळातल्या प्रार्थनेच्या खोलीत गुडघे टेकून होते. पाचही तास. मेरीमातेकडे एकच मागणं, हिचं काळीज शांत ठेव."

मेलिस बघतच राहिली. मग खो खो हसत सुटली. "अगं बये! तिकडे पाच डॉक्टर त्याला चिडवतायत आणि तू इकडे अंगाई म्हणतेस!"

"देवाधर्माची थट्टा नको."

"थट्टा नाही गं." हसू ओसरलं. बांधावर पालथ्या घातलेल्या होडीवर ती टेकली. "मला भीती वाटते, ओडील. पाव मागायला तोंड उघडलं आणि शब्दच नाही... तसं जगायचं नाही मला."

ओडील तिच्याशेजारी बसली.

मेलिसने तिचा हात घट्ट धरला. "मंगळवारी ये. तशीच गुडघ्यांवर बस. पण शांती मागू नकोस. उधळू दे म्हण, पिसाळू दे म्हण, त्यांना ती जागा दिसेपर्यंत. तुझा जीव कितीही घाबरला तरी मधेच शब्द फिरवू नकोस. मागशील ना माझ्यासाठी एवढं?"