लाल झाकणाचा शार्क

पुण्यात बसून समुद्री प्राणी शिकायचे म्हणजे सगळी मदार बरण्यांवर. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत नमुने ओळीने मांडतात; घंटा झाली की समोरचा ओळखून लिहायचं आणि पुढे सरकायचं. प्राण्यांकडे बघायचा कंटाळा, म्हणून मी नुसत्या खुणा पाठ केल्या होत्या. लाल झाकण म्हणजे शार्क, कोपऱ्यात बुडबुडा असलेली स्लाइड म्हणजे ओबेलिया हा इवला समुद्री जीव.

याच परीक्षेत मी आदल्या वर्षी नापास झाले होते. पुन्हा गटांगळी खाल्ली तर शिक्षण बंद, असं बाबांनी शांतपणे सांगितलं होतं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आणि नेमकी यंदा प्रयोगशाळेतल्या मामांना साफसफाईची हुक्की आली. सगळी झाकणं निळी, स्लाइड कोरी करकरीत! शार्क कसाबसा ओळखला, त्याचं तोंडच तसं. मग नाइलाजाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि ओबेलिया पहिल्यांदा खरोखर बघितला. झाडासारख्या फांद्या, टोकाटोकाला इवलासा पेला, पेल्यात एक तोंड. इतकं सुंदर काहीतरी मी दोन वर्षं बुडबुड्यावरून ओळखत होते!

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडम शार्क आणि ओबेलियाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "या दोघांतला फरक सांगा. पुस्तकातला नको, तो मी वाचलाय."

"मॅडम, शार्क एकटा मारतो, एकटा खातो. ओबेलियाची तोंडं पुष्कळ, पण पोट सगळ्यांचं एकच. एकाने खाल्लेलं सगळ्यांना पोचतं, ज्यांना तोंडच नाही त्यांनासुद्धा. आमच्या खडकीच्या क्वार्टरमध्ये आम्ही नऊजण आहोत. गेल्या वर्षी नापास मी झाले, पण जेवण कुणालाच गेलं नाही."

"म्हणजे नऊजणांच्या जेवणाची जबाबदारी माझ्यावर," मॅडम म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

निकाल मोबाइलवर आला तेव्हा मी कॉलेजात होते. पास! घरी फोन केला आणि मिळेल ती बस पकडली. पोचले तर आमरसाचं पातेलं चाटूनपुसून लख्ख.

"अगं, आनंदाच्या भरात भानच राहिलं नाही," काकू ओशाळून म्हणाली.

मी भांडायला तोंड उघडलं. समोर बाबा बसले होते, मिशीला रस लागलेला, आणि वर्षभरात पहिल्यांदा मोठ्याने हसत होते. खरं सांगते, मला भूकच उरली नव्हती.