स्वखुशीचा कागद

अमरावतीच्या त्या कॉलेजातल्या बाबूनं माहं लुगडं पाहिलं. विचारलं काहीच नाही. सरळ माहा अंगठा धरला अन् शाईच्या पॅडवर दाबला. "इथं लावा आजी. पटकन. मागं लाईन आहे."

लाईनीत सारे पालकच. कोणी तरी हसलं.

सांगते, कायचा कागद होता तो. माही नात प्रणाली. मायबाप नाहीत तिले, पालक मीच. या कॉलेजानं परदेशातल्या एका विद्यापीठाशी करार केला होता. दोन वर्षं अमरावतीत शिका, तिसरं तिकडं, अन् डिग्री तिकडची. आमी चांदूर बाजारची फुलं विकणारी माणसं. मले वाटलं, पोरगी पुढं निघाली. अन् दोन वर्षांनी तिकडच्यांनी करार मोडला, कोर्सच बंद. पोरं कमी भेटली म्हणे. त्याच दिवशी सकाळी कॉलेजात आमाले बसवलं, पडद्यावर तिकडची एक गोरी बाई आली, इंग्रजीत गोड गोड बोलली, अन् पडदा बंद. झालं.

मी शाळेत गेली नाही बाप्पा. फुलं बांधाच्या रद्दीवर अक्षरं लावत लावत वाचाले-लिहाले शिकली. म्हणून हात वढला अन् कागद वाचला. बोट ठेवून, हळू. 'विद्यार्थिनी स्वखुशीने प्रवेश रद्द करीत आहे. तिची कोणतीही तक्रार नाही.'

"हे खोटं हाय," मी म्हटलं.

मोठ्या मॅडम आल्या. "आजी, तुम्हाला यातलं काय कळतं? सही केली तर दाखला मिळेल. नाही तर मुलगी बसेल घरी."

प्रणालीनं माहा पदर धरला. "कर ना व सही, आजी. अकोल्याच्या कॉलेजात प्रवेशाची परवा शेवटची तारीख हाय. पाया पडते तुह्या."

पेन घेतला बी. पण पोरीले काढलं यायनं, अन् वरून लिहून घेऊन राहिले का पोरीचीच मर्जी होती! काहून लिहून द्याचं?

'स्वखुशीने' खोडलं. खाली लिहिलं, 'आम्ही सोडलं नाही, तुम्ही सोडलं. दाखला द्या. दोन वर्षाचे मार्क द्या.' सही केली.

मॅडमनं तो कागद माह्यासमोर फाडला.

अकोल्याची तारीख गेली. प्रणाली भिंतीकडं तोंड करून पडून रायते. माह्याशी बोलत नाही, जेवत नाही. मी चुकली का, हे मलेच समजत नाही.

तरी नवा अर्ज लिहिला हाय. उद्या सकाळच्या एसटीनं जाते अन् कॉलेजाच्या फाटकात बसते. फाडला तर दुसरा लिहीन. दाखला घेईन. पण पोरगी खुशीनं गेली, असं लिहून देणार नाही.